पत्ता नसलेला वाचक

रविवारी संध्याकाळी फोंड्याला वरच्या तिस्कावर आम्ही चौघे जमलो होतो. निवृत्त मास्तर, जन्मभर ग्रंथपाल राहिलेल्या बाई, आमचा पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं मारणारा, आणि मी. बाहेर पाऊस ओतत होता. मिरची भजी आली आणि पायलटने विषय काढला.

त्याच्या शेजारच्या खोलीत बागलकोटचं एक कुटुंब राहतं. बाप बांधकामावर, मुलगा सातवीत. मुलाला घेऊन हा एका वाचनालयात गेला. आधारवर पत्ता गावचा आणि घरमालक भाड्याचा कागद करून देत नाही. मग सभासद कसा होणार? दोघे परत आले.

"बरोबरच आहे," मास्तर म्हणाले. "उद्या ही माणसं दुसऱ्या कामावर गेली तर पुस्तक आणायला बागलकोटला जायचं?"

"मास्तर, माझ्या नोकरीत बुडालेली पुस्तकं बहुतेक बंगल्यांत बुडाली," बाई म्हणाल्या. "पत्ता ठाऊक होता, मागायला जायचं धाडस नव्हतं."

"मग तिथेच बसून वाचावं. बसायला कोण अडवतो?"

"बसणार कधी?" पायलट उसळला. "आई धुणीभांड्यांना जाते. धाकटी बहीण त्याच्याच गळ्यात. पुस्तक घरी आलं तरच तो वाचणार."

मला राहवलं नाही. तो मुलगा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकला आहे. आज गोव्यातल्या अशा कितीतरी शाळा बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांवर चालतात. मराठी वाचक उरला नाही म्हणून आपण सभा-संमेलनांतून गळा काढतो, आणि मराठी पुस्तक मागत दारात आलेल्या पोराला पत्ता विचारून घालवतो! १५ सप्टेंबर १८३२ ला 'पब्लिका लिव्रारिया' या नावाने पणजीतलं ग्रंथालय सुरू झालं, याचा आपल्याला किती अभिमान. त्या नावातली 'पब्लिक' म्हणजे नक्की कोण, हे मात्र आपण अजून ठरवतोच आहोत.

मास्तर मागे हटणारे नव्हेत. "दार उघडं टाकलंत की लोक झोपायला येतील. स्पर्धा परीक्षेची मुलं कुठे जाणार? आणि ग्रंथपाल काही समाजसेवक नव्हे."

यातला शेवटचा मुद्दा मला पटला. बाईंनाही पटला. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये चक्क एक समाजसेविका नेमली, त्या म्हणाल्या. बेघर वाचकाला निवारा कुठे, दवाखाना कुठे हे ती सांगते. पूर्वी स्वतः बेघर असलेली माणसंही तिच्या हाताखाली कामाला घेतली. "आपल्याकडे तेवढं नको. आठवड्यातून दोन दुपारी फॉर्म भरून देणारा एक माणूस बसवा. विधवा पेन्शनचा अर्ज हातात घेऊन माझ्या टेबलाशी किती बायका यायच्या! राहिली झोपेची गोष्ट. घोरणाऱ्याला उठवावं, मग तो पेन्शनर का असेना. कपडे बघून उठवू नये."

पायलटला आपल्या मावशीची आठवण झाली. तिची नजर गेली आणि वाचन सुटलं. अंधांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढता याव्यात म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला सगळ्यांत आधी मान्यता दिली ती भारताने. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. पायलट थक्क झाला. मावशीला हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मला वाटतं खरा घोळ इथेच आहे. सोय असते, पण ज्याला हवी त्याच्यापर्यंत ती चालत जात नाही.

चहा दुसऱ्यांदा आला. मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अनामत माफ करू नका, या मताचा मी आहेच. पण मुख्याध्यापकाचं पत्र पत्त्याऐवजी चालेल का हो बाई?"

"चालवायला हवं. नियम समितीच करते, समितीच बदलते."

बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि तिथेच अर्ज लिहायला घेतला. मुलाचं पूर्ण नाव पायलटला माहीत नव्हतं. पाऊस थांबायची वाट न बघता त्याने किक मारली आणि विचारायला गेला.