ट्रॅक पाठवलाय, बघून घे

ट्रेकच्या आदल्या रात्री ‘ट्रॅक पाठवलाय, बघून घे’ असा मेसेज येतो आणि खाली नकाशाचा स्क्रीनशॉट. त्यावरची निळी रेघ दिसते झकास, पण फोनला ती वाट म्हणून कळत नाही. मागे लागून जीपीएक्स फाइल (म्हणजे वाटेचे बिंदू ओळीने नोंदवलेली) मागवावी, तर ती कधीकधी ‘.एक्सएमएल’चं शेपूट चिकटवून येते आणि फोन विचारतो, ‘ही कशात उघडू?’ शेपूट छाटून नाव ‘.जीपीएक्स’वर संपवलं की बहुतेक वेळा काम होतं.

फाइल उघडली की मालकाची सगळी दिनचर्या उघडी पडते. ट्रॅक त्याच्या दारातून सुरू, मग गाडीचा प्रवास, मग जेवायला बसले तिथे कोळ्याचं जाळं. माणूस बसला तरी जीपीएस बसत नाही. काही मीटर इकडेतिकडे हुंदडतं आणि तेही अंतरात धरतं. कड्याखाली सिग्नल दगडावर आपटून येतो, तेव्हा रेघ खुशाल दरीत उतरून परत येते. पाठवण्याआधी दोन्ही टोकं छाटा आणि जाळी पुसा, एवढीच माझी विनंती. बिंदू मात्र फार गाळू नका. वळणं गेली की वाट थेट कड्यावरून जाते.

स्कॅन केलेला नकाशा म्हणजे वेगळंच दुखणं. १:५०,०००च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर; ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर एक पिक्सेल साधारण ४ मीटरचा. घड्यांवर फुगलेला कागद मोबाइलने तिरका टिपला की हे गणित तिथेच संपलं. स्कॅन अक्षांश-रेखांशांवर बसवायचे बिंदू नकाशावरच्या ग्रिडच्या रेघा एकमेकींना छेदतात तिथे द्यावेत: चारी कोपऱ्यांत आणि एखाददुसरा मध्ये. नदीच्या वळणावर नको. नकाशा छापून झाल्यावर नदी काही थांबत नाही. तीनच बिंदू दिले तर सॉफ्टवेअर चूक शून्य दाखवतं, कारण साधं रूपांतर कुठल्याही तीन बिंदूंवर बिनबोभाट बसतं, मग ते चुकीचे का असेनात. चौथा आला की भांडण लागतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

या बिंदूंचे आकडे भरताना ३० मिनिटं म्हणजे ०.५ अंश. अक्षांशात ०.३० भरणारा २२ किलोमीटर सरकतो, तेही आत्मविश्वासाने. सगळा ट्रॅक एकाच दिशेला सारखाच सरकला असेल, तर जुन्या नकाशाचा डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) वेगळा आहे आणि फोन डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या डेटमवर चाललाय, असं समजा. एकाच कोपऱ्यात बिनसलं असेल, तर तिथला बिंदू तपासा.

एवढं निस्तरून, फोन एअरप्लेन मोडवर टाकून नकाशा उघडतोय ना हेही बघून घ्यावं, तर ग्रुपमधून कुणीतरी विचारतंच, ‘लाइव्ह लोकेशन टाक ना, ट्रॅक कशाला?’