पोलेका, पोलेका

चाकांच्या बॅगेचा शोध ज्यानं लावला, तो माणूस ओह्रिदला कधी गेला नसणार. गेला असता तर परत येऊन त्यानं गुपचूप हमाली सुरू केली असती.

ओह्रिदला जायचं आम्ही ठरवलंच नव्हतं. ते म्युनिकला असलेल्या मुलीनं ठरवलं. "बाबा, सगळे जातात तिथं तुम्ही कशाला जाता?" असं तिचं म्हणणं. आता सगळे जातात तिथं गेलं की सोसायटीत फोटो दाखवायला सोपं पडतं, हे तिला कोण सांगणार? ओह्रिदचा फोटो दाखवायचा म्हणजे आधी भूगोलाचा तास घ्यावा लागतो. तो असा : ग्रीसच्या डोक्यावर आणि अल्बेनियाच्या शेजारी उत्तर मॅसिडोनिया नावाचा देश आहे. नावातलं 'उत्तर' २०१९ साली लागलं. ग्रीसमध्ये मॅसिडोनिया नावाचा प्रांत आधीपासून आहे, म्हणून ग्रीसची हरकत होती आणि तो वाद पाव शतकाहून जास्त चालला. (सातबाऱ्यावरच्या नावासाठी तीन पिढ्या कोर्टात गेलेलं घराणं माझं. मला यात समजून घ्यायला काही अवघड गेलं नाही.) त्या देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दहा लाखांहून जास्त वर्षांचं एक तळं आहे आणि त्याच्या काठावर ओह्रिद. १९७९ साली युनेस्कोनं तळं जागतिक वारशाच्या यादीत घातलं आणि पुढच्याच वर्षी गावही घातलं.

मुलीनं जुन्या गावात 'तळं दिसणारी खोली' घेतली होती. तळं दिसायचं तर खोली तळ्याच्या बरीच वर असावी लागते, ही भूमिती मला तेव्हा सुचली नाही. ओह्रिद या नावाचा अर्थच 'कड्यावर' असा सांगतात. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

राजधानी स्कोप्येहून बसनं साडेतीन तास. पाट्या सगळ्या सिरिलिक लिपीत. गावाच्या नावाची पाटी मी इंग्रजी समजून वाचली : ओ, एक्स, पी, मग उलटा एन. एखाद्या औषधाच्या गोळीचं नाव असावं तसं. बायको म्हणाली, "हे आपलं गाव नव्हे, बसा खाली." सुदैवानं बस तिथून पुढे जातच नव्हती.

टॅक्सीवाल्यानं आम्हाला धक्क्याजवळ उतरवलं, हातानं वर दाखवलं आणि गाडी वळवून तो गेलासुद्धा. वर म्हणजे एक गल्ली होती. तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी घरं आणि प्रत्येक घराचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. त्याच्या वरचा त्याहून पुढे. आमच्याकडे असं बांधलं तर आठ दिवसांत नोटीस येते. इथं लोक त्याचे फोटो काढतात. गल्लीतले दिवेसुद्धा त्याच घरांच्या आकाराचे. खाली मात्र गोटे. शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले, नारळाएवढे गोटे. इथले लोक या फरसबंदीला काल्द्र्मा म्हणतात. शब्द उच्चारतानाच ठेच लागते.

बॅगेचं वजन बावीस किलो. त्यातले नऊ किलो कपडे. उरलेल्या तेरा किलोंत भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, मुगाची डाळ, तांदूळ आणि एक छोटा कुकर. "तिकडे काय मिळेल सांगता येत नाही," हे बायकोचं वाक्य आमच्या लग्नाइतकंच जुनं आहे. बॅग मी गोट्यांवरून ओढायला लागलो आणि गल्लीत जणू ताशा वाजायला लागला. पुढे आलेल्या मजल्यांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. एका खिडकीतून एका आजोबांनी मिरवणूक येतेय की काय म्हणून दोन्ही बाजूंना पाहिलं. तिसऱ्या वळणावर चारांपैकी एक चाक निखळलं. मी हात घालेपर्यंत ते सुटकेच्या आनंदात टणटण उड्या मारत तळ्याकडे निघून गेलं.

"पोलेका! पोलेका!"

वरच्या पायरीवर पंचाहत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. काळा झगा, डोक्याला रुमाल, हातात लाटणं. मला वाटलं हा इथला नमस्कार. मी बॅग सोडून हात जोडले आणि मोठ्यानं "पोलेका!" म्हणालो. त्या पुन्हा म्हणाल्या, मी पुन्हा म्हणालो. असं चार वेळा झालं. पोलेका म्हणजे 'हळूहळू' हे मुलीनं रात्री फोनवर सांगितलं. म्हणजे मी त्यांच्या वयाच्या बाईला, त्या जागच्या हलत नसताना, सावकाश चला असं सांगत होतो.

त्या आमच्या घरमालकीण निघाल्या. ओळख करून घेताना त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाबा."

मी बायकोकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मुलीचा बाप या नात्यानं मीही छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मी पण बाबा."

त्यांनी जोरजोरात मान हलवली. स्वतःकडे बोट दाखवून "बाबा", माझ्याकडे दाखवून "देदो". नंतर कळलं की त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी आणि देदो म्हणजे आजोबा. मुलीचं अजून लग्नाचंही नाव नाही आणि मी उभ्या उभ्या आजोबा झालो होतो. बायकोला मात्र त्या 'मायका' म्हणाल्या, म्हणजे आई. आमच्यात फक्त चार वर्षांचं अंतर आहे, हे मी बोटांनी सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

मग आजींनी मला अंगणात नेऊन "चेश्मा, चेश्मा" असं म्हणत बोट दाखवलं. मी चष्मा काढून दिला. त्यांनी तो घेतला, पदरासारख्या झग्याच्या टोकानं स्वच्छ पुसून परत दिला आणि पुन्हा बोट दाखवलं. तिथं पिण्याच्या पाण्याचा नळ होता. पाचशे वर्षं तुर्कांचं राज्य होतं तिथं, त्यामुळे फारशी-तुर्की शब्द आपल्यासारखेच त्यांच्याही घरात शिरलेले. दुकानाला 'दुक्यान', साबणाला 'सापुन', बदामाला 'बादेम', चहाला 'चाय'. इतके शब्द सारखे निघाल्यावर आपल्याला भाषा येते असं वाटायला लागतं आणि नेमका तिथं माणूस चष्मा काढून देतो.

दुसऱ्या दिवशी गाव पाहायला निघालो. ओह्रिदमध्ये पूर्वी ३६५ चर्च होती म्हणे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. बायकोनं हा आकडा मनावर घेतला. तिनं अष्टविनायक दीड दिवसात केलेले आहेत. मी तिला समजावलं की सगळी आता शिल्लक नाहीत, पण शिल्लक आहेत ती प्रत्येक जण आपापल्या टेकाडावर धरून बसली आहेत. सेंट सोफियामधली अकराव्या शतकातली भित्तिचित्रं तुर्कांनी तिची मशीद केली तेव्हा चुन्याखाली झाकली गेली. ती विसाव्या शतकात चुना खरवडून पुन्हा बाहेर काढली. त्या देवदूतांचे डोळे बघत मी बराच वेळ उभा राहिलो. भक्तीचा भाग होताच, पण चर्चची जमीन सपाट होती हाही होता.

तिथून किल्ला. दहाव्या शतकाच्या शेवटी ओह्रिद ही सामुइल राजाची राजधानी होती, त्याचा हा किल्ला. राजा नेमका कुणाचा, यावरून मॅसिडोनिया आणि बल्गेरियात आजही जुंपते. तटावर आमच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन तरुणांमध्येही त्यावरूनच चाललं असावं, कारण हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल इतक्या तावातावानं बोलताना मी फक्त आपल्याकडेच पाहिलं आहे. तटावरून तळं दिसलं आणि मी गप्प बसलो. समोर अल्बेनियाचे डोंगर, खाली निळं, इतकं नितळ पाणी की काठाजवळचा गोटा न् गोटा मोजावा. खोली जवळजवळ २९० मीटर. जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे दोनशेहून जास्त जातींचे जीव त्या पाण्यात आहेत. त्यांत आता एका चाकाची भर पडली असेल, असं मी म्हणालो. बायको हसली नाही. बॅग तिच्या माहेरची होती.

किल्ल्याखाली प्लाओश्निक नावाच्या जागी संत क्लिमेंटची कबर आहे. सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रचारक भावांचा हा शिष्य. नवव्या शतकाच्या अखेरीस इथं येऊन त्यानं मुलांना स्लाव्ह भाषेतून लिहायला-वाचायला शिकवलं. साडेतीन हजार विद्यार्थी तयार केले असं त्याच्या चरित्रात म्हटलंय. सिरिलिक लिपी त्यानंच घडवली असं इथं बरेच जण मानतात. विद्वानांचं त्यावर एकमत नाही, पण माझं झालं. मी कबरीसमोर उभा राहिलो आणि मनातल्या मनात त्याला बसच्या पाटीबद्दल विचारलं. एक्सला 'ह' म्हणायचं आणि पीला 'र', हे काय ठरलं होतं का आपलं?

तिथून खाली कानेओचं चर्च. ओह्रिदच्या प्रत्येक फोटोत असतं तेच, तेराव्या शतकातलं, कड्याच्या टोकावरचं. तिथून परत येताना कड्याच्या पायथ्याशी पाण्यावरून एक लाकडी पूल जातो. सपाट! संपूर्ण ओह्रिदमधला हा एकमेव रस्ता जिथं गुडघ्यांना माणूस म्हणून वागवतात. मी त्यावरून चार वेळा ये-जा केली. पाचव्यांदा वळलो तेव्हा बायको म्हणाली, "लोक बघताहेत."

बाजारातला दीड तास मोत्यांचा. ओह्रिदचे मोती शिंपल्याच्या पोटातून येत नाहीत. शिंपल्याचा मणी घेतात आणि त्यावर इथल्या प्लाशित्सा नावाच्या छोट्या माशाच्या खवल्यांपासून केलेल्या लेपाचे थरावर थर चढवतात. लेपाची कृती दोन घराण्यांनाच माहीत आहे आणि ती त्यांनी शंभर वर्षं जपलीय. गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराच्या मते मात्र ती दोन घराणी म्हणजे तो आणि त्याचा मेहुणा. बायको मालवणची. तिनं माळ हातात घेतली, दिव्याखाली धरली, नाकाशी नेली आणि दुकानदाराला मराठीत सांगितलं, "खवले होय? आमच्याकडे मांजरसुद्धा खात नाही." मग माळ घेतली. देनारला साधारण दीडनं गुणून मी रुपये काढले, मग पुन्हा काढले. आजन्म टाकून दिलेल्या खवल्यांचा हिशोब केला तर सासरेबुवा कोट्यधीश निघाले असते.

संध्याकाळी आजींनी जेवायला बसवलं. ताव्चे ग्राव्चे म्हणजे मातीच्या खापरात भट्टीतून काढलेली पांढऱ्या घेवड्याची उसळ. आय्वार म्हणजे भाजलेल्या लाल, गोडसर मिरच्या सोलून, वाटून, तेलात परतून केलेली चटणी. बायकोनं पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तेरा किलोंबद्दल बोलायची ही वेळ नव्हती. तिनं मुकाट्यानं बॅगेतली लसणाची चटणी काढून आजींपुढे ठेवली. आजींनी ती आय्वारसारखीच चमचाभर तोंडात घातली. क्षणभर शांतता. डोळ्यांत पाणी. मग "ओऽऽ" असा उद्गार, घोटभर राकिया, म्हणजे इथली फळांची दारू, आणि दुसरा चमचा. यापुढे दोघींना भाषेची गरज उरली नाही. मिरच्या कशा भाजायच्या यावर त्या रात्री अकरापर्यंत बोलत होत्या, एक मॅसिडोनियनमध्ये आणि एक मालवणीत.

तिसऱ्या दिवशी बोटीनं संत नाउमच्या मठात, अल्बेनियाच्या सीमेला लागून. तिथं मोर फिरतात. इतका खर्च करून बाल्कनमध्ये आलो आणि बायको मोराचे फोटो काढत होती. मठात नाउमची कबर आहे आणि तिला कान लावला की त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात अशी श्रद्धा. बायकोनं कान लावला. म्हणाली, शांत, संथ ठोके. मी लावला. मला एकशेवीसच्या गतीनं धडधड ऐकू आली. ते नाउमचे नव्हते. धक्क्यापासून मठापर्यंतच्या चढाचे होते.

मठाशेजारच्या झऱ्यांवर मात्र मी खरंच थांबलो. गालिचित्सा डोंगराच्या पलीकडे प्रेस्पा नावाचं दुसरं तळं आहे, सुमारे दीडशे मीटर उंचावर. त्याचं पाणी चुनखडीच्या डोंगरातून झिरपत इथं वर येतं, वाळूचे बुडबुडे काढत. नावाडी वल्हं न वाजवता होडी नेतो. दोन तळ्यांमध्ये अख्खा डोंगर आडवा असताना पाण्यानं चढायचा विचारसुद्धा केला नाही. आतून वाट काढून सरळ उतरलं. अक्कल त्याला म्हणतात.

निघायच्या सकाळी आजींनी आय्वारच्या तीन बरण्या आणि राकियाची बाटली आणून बॅगेवर ठेवली. लसणाची चटणी, मेतकूट आणि निम्मं भडंग आजींकडे गेल्यामुळे बॅग अठरा किलोंवर आली होती. ती पुन्हा तेवीसवर गेली. आजींनी बायकोला मिठी मारली, माझ्या गालाला हात लावला आणि उताराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पोलेका, देदो."

उतारावर बॅग ओढावी लागत नाही, धरून ठेवावी लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या वळणावर गोटा ओला होता. पाय घसरला, मूठ सुटली, आणि तीन चाकांची बॅग चौथ्याच्या शोधात निघाली. आधी सावकाश, मग ताशा, मग ढोल. खिडक्या उघडल्या. मी मागून धावत होतो, माझ्या मागे बायको, आणि माझ्या तोंडून आपोआप एकच शब्द येत होता, "पोलेका! पोलेका!"

गल्लीच्या तळाशी तेच पहिल्या दिवशीचे आजोबा स्टुलावर बसून कॉफी पीत होते. त्यांनी आवाजाकडे पाहिलं नाही. फक्त डावा पाय पुढे केला. बॅग त्यांच्या बुटाला टेकून थांबली. उजव्या हातातली कॉफी हलली नाही.

"नेमा प्रॉब्लेम," ते म्हणाले आणि बसायला दुसरं स्टूल पुढे सरकवलं.