लोणच्याची बरणी आणि लसणाच्या तेलाची बाटली

नमस्कार ताई,

बॉट्युलिझमवरील, म्हणजे अन्नात वाढलेल्या जिवाणूच्या विषामुळे होणाऱ्या जीवघेण्या आजारावरील, माझ्या लेखाने विनाकारण भीती पसरते, असे आपण लिहिले आहे. नागपुरात घरोघरी लोणची वर्षभर टिकतात, बरणी उकळून घेतली आणि वास पाहिला की पुरे, हा आपला मुद्दा आहे. गोळाभातासाठी कच्चा लसूण घातलेल्या तेलाची बाटली तीन आठवड्यांपासून आपल्या ओट्यावर आहे, हेही आपण सांगितले आहे.

लोणच्याबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. ‘तेलात मुरवलेले सर्व पदार्थ’ धोक्याचे, असे मी सरसकट लिहायला नको होते. कैरीच्या किंवा लिंबाच्या लोणच्यात मीठ भरपूर असते आणि आंबटपणामुळे पीएच (आंबटपणाचे माप; जितका कमी, तितके आंबट) ४.६ च्या बराच खाली राहतो, आणि तेथे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा बॉट्युलिझमचे विष तयार करणारा जिवाणू वाढत नाही. लोणचे सुरक्षित राहते ते मीठ आणि आंबटपणामुळे. तेल केवळ हवा अडवते, आणि हवा नसणे हेच तर या जिवाणूला हवे असते.

कच्च्या लसणात तो आंबटपणा नसतो, आणि मातीत वाढल्यामुळे त्यावर जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपे, असू शकतात. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहातील, फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे अनेकांना बॉट्युलिझम झाला होता. आपल्याकडचा उन्हाळा तर या जिवाणूला फारच मानवतो.

उकळत्या पाण्याचे १०० अंश तापमान हे बीजाणू तासन्‌तास सोसतात, म्हणूनच डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत दाबाखाली १२१ अंश गाठावे लागतात. शिवाय आपण बरणी उकळता, आणि बीजाणू असतात लसणावर. वासावर तर मुळीच विसंबू नये. या विषाला वास नाही, चव नाही, आणि चाखण्यापुरते तेलही घातक ठरू शकते.

विषारी अन्न खाल्ल्यावर बहुधा १२ ते ३६ तासांत एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, घास गिळवत नाही. ताप नसतो आणि शुद्ध असते, त्यामुळे घरचे लोक थकवा समजून थांबतात. पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविष जितके लवकर मिळेल तितका त्याचा उपयोग अधिक, म्हणून अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

ताई, ओट्यावरची ती बाटली न चाखता आजच टाकून द्या. गोळाभाताला लसूण हवाच असेल, तर त्या वेळी फोडणीत तळून घाला. तेलात घालून ठेवायचाच असेल, तर थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.