झेंड्यामागून प्राग

प्राग पायीच पाहावं म्हणतात. म्हणायला काय, जुन्या भागात बस जातच नाही. तेव्हा टूर कंपनीची टोपी डोक्यावर चढवा, तिचीच सॅक पाठीला लावा आणि टूर मॅनेजरच्या हातातल्या झेंड्यावर नजर ठेवा. तिथून ती हलता कामा नये. दोन्ही बाजूंनी गॉथिक, बरोक वगैरे इमारती येतील नि जातील, त्यांच्या नादी लागू नका. झेंडा चुकला की जेवण चुकलं, आणि जेवण म्हणजे साडेबाराला भारतीय हॉटेलात सांगून ठेवलेलं पनीर. शहर काय, हजार वर्षं जागेवरच आहे.

खगोलशास्त्रीय घड्याळापाशी तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं असताना पोचा. पोचल्याबरोबर मोबाइल डोक्याच्या वर धरा. मागच्याला दिसत नसेल तर त्यानं आपला मोबाइल आणखी वर धरावा. घड्याळावरचा सांगाडा दोरी ओढेल, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित फिरून जातील, कोंबडा आरवेल, घंटा होईल. सगळं मिनिटभरात आटोपतं. यानंतर गटातल्या कुणीतरी ‘एवढंच?’ म्हणणं बंधनकारक आहे. कुणी म्हटलं नाही तर तुम्ही म्हणा. खिसेकापूही याच वेळेला येतात, पण ते वर बघत नाहीत.

गाइड सांगेल की हे घड्याळ करणाऱ्या हानुशचे डोळे नगरपालिकेनं काढले, का तर दुसऱ्या शहरात त्यानं असं घड्याळ करू नये. ही दंतकथा जपून घरी आणा. 1410 मध्ये ते केलं कादान गावच्या मिकुलाशनं, आणि त्याचे डोळे शाबूत असल्यामुळे त्याचं नाव कुणी घेत नाही. तबकडीकडे तर बघूच नका. तिच्या मध्यभागी पृथ्वी आहे. कोपर्निकसचा जन्म 1473 चा, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नसावं. बाहेरच्या कड्यावरचे चोवीस तास मध्यरात्रीपासून नव्हे, सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून ते कडं ऋतूनुसार मागेपुढे सरकतं. सूर्य कोणत्या राशीत आहे तेही तिथं दिसतं. गटात पंचांग बघणारे एक काका असतातच, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते खात्रीनं सांगतील की घड्याळ चुकलंय: ते वृषभ दाखवतंय, सूर्य तर अजून मेषेत आहे. घड्याळ सायन, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजणारं; काका निरयन, म्हणजे आपल्या पंचांगासारखे ताऱ्यांवरून मोजणारे. अख्ख्या गटात तबकडी वाचलेला हा एकच माणूस, पण त्यांना उत्तर द्यायला कुणी थांबू नये. झेंडा पुढे गेलेला असतो.

ग्रुप फोटोसाठी जुन्या टाउन हॉलच्या भिंतीलगतची जागा झकास आहे. फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे क्रूस बसवलेले दिसतील. एकेकानं एकेका क्रुसावर उभं राहावं, म्हणजे रांग सरळ येते. क्रूस सत्तावीस आहेत. 1618 मध्ये इथल्या प्रोटेस्टंट उमरावांनी कॅथलिक हाब्सबुर्ग बादशहाविरुद्ध बंड केलं आणि किल्ल्याच्या खिडकीतून त्याचे दोन अधिकारी आणि एक कारकून खाली फेकले. तिघंही वाचले, त्यातून पेटलेलं युद्ध मात्र तीस वर्षं चाललं. बंड फसल्यावर 21 जून 1621 रोजी सत्तावीस पुढाऱ्यांना याच चौकात मारलं. उमरावांची नि पुष्कळ नागरिकांची मुंडकी यान मिद्लार्झ या जल्लादानं तलवारीनं उडवली, काहींना फाशी दिलं. उंच माणसं मागे, बसणारे पुढे, आणि ‘चीज’ म्हणा.

त्यातली बारा मुंडकी चार्ल्स पुलाच्या तोंडाशी असलेल्या मनोऱ्यावर दहा वर्षं टांगलेली होती. टूर मॅनेजर डोकी मोजायला नेमका याच मनोऱ्याखाली थांबतो. एक डोकं हमखास कमी भरतं. ते चुंबकाच्या दुकानात सापडतं.

पुलाचा पाया 1357 मध्ये इथल्या राजानं, चौथ्या चार्ल्सनं घातला. मुहूर्त काढला होता म्हणे नऊ जुलै, पहाटे पाच एकतीसचा, म्हणजे आकडे 1-3-5-7-9-7-5-3-1 असे चढून उतरावेत. हे ऐकून बायको नवऱ्याकडे बघते, कारण त्यांच्या लग्नात मुहूर्त टळला होता तो भटजींमुळे नव्हे. पुलावर तीस पुतळे आहेत. तुम्हाला एकच पुरे, नेपोमुकच्या संत यानचा. 1393 मध्ये त्याला व्लतावा नदीत टाकलं. चौथऱ्यावर ब्राँझच्या पट्ट्या आहेत, हात लावला की नशीब उघडतं. उजवीकडच्या पट्टीवर यानला पुलावरून टाकताहेत, डावीकडच्या पट्टीवर एक कुत्रा आहे. दोन्ही पट्ट्या हात लागून लागून लखलखताहेत. कुत्र्याला कशासाठी हात लावायचा हे विचारायचं नाही. पुढच्यानं लावला, आपण लावायचा.

मधल्या वेळेत त्रदेलनीक खा: लाटलेली कणीक दांड्याला गुंडाळून भाजतात, साखरेत घोळवतात आणि वर पाटी लावतात की हे प्राचीन बोहेमियन पक्वान्न. पर्यटकांइतकंच ते प्राचीन आहे, पण गरम असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सॅकेतला खाकरा काढावा. स्वच्छतागृहाचे सुटे कोरुना मात्र आधीच जमवून ठेवा. या एका बाबतीत गटातला कुणीही दुसऱ्याला उसने देत नाही.

मोकळा वेळ पंचेचाळीस मिनिटं मिळेल. त्यात लेखक काफ्का जन्मला तो कोपरा चौकातून दोन मिनिटांवर आहे, म्हणून तिकडं जायचं नाही. इतक्या जवळचं काय बघायचं. मोबाइलचं दुकान गाठा आणि चार्जरचा भाव मुंबईशी ताडून बघा. बसमध्ये बसल्यावर लगेच स्टेटसला फोटो टाका, पण खाली शहराचं नाव आत्ताच लिहा. उद्या व्हिएन्ना आहे, आणि टोप्या याच असणार.