"एफडीपेक्षा सेफ" म्हणे! मिशिगन-ओहायो स्टेटच्या त्या फॉरवर्डचा समाचार

ओहायोतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. विषय कॉलेज फुटबॉल, म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे, हेल्मेटवालं. ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचा सामना दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस होतो आणि त्या आठवड्यात आमच्या कोलंबसमध्ये, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावात, दुसरा विषय निघत नाही. मेसेजमधले दावे थोडक्यात असे: आजचं फुटबॉल पासिंगचं (बॉल हाताने पुढे फेकायचं) आहे, रनिंग (बॉल घेऊन पळायचं) इतिहासजमा झालं. २०१८ आणि २०२५ चे निकाल हाच त्याचा पुरावा. मधली चार वर्षं (२०२१ ते २०२४) मिशिगन जिंकलं ते फक्त सिग्नल, म्हणजे समोरच्या संघाचे इशारे, चोरून. बर्फाबिर्फाने आता काही फरक पडत नाही. आणि शेवटी मुख्य गोष्ट: स्प्रेड कितीही असो, ओहायो स्टेटवर डोळे मिटून पैसे लावा, शिवाय क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) पासिंग यार्डांवर, म्हणजे त्याच्या पासांनी संघ किती यार्ड पुढे जाईल त्यावर, वेगळी बेट घ्या. "एफडीपेक्षा सेफ. आपल्या माणसांपर्यंत पोहोचवा."

पोहोचला की आपल्या माणसांपर्यंत. माझा भाचा इथे शिकतो, वय वीस. त्याने हा मेसेज वाचला आणि नाशिकला ताईकडे 'पुस्तकांसाठी' जास्तीचे पैसे मागितले. ताईला पुस्तकांची शंका आली, तिने त्याला बोलतं केलं आणि मेसेज मला पाठवून विचारलं, "अगं, अमेरिकेतली ही एफडी कुठल्या बँकेची?" एरवी असल्या गोष्टी मी न वाचता पुसून टाकते. ही पुसणार नाही.

शेवटचा मुद्दाच आधी घेते, कारण आग तिथे लागली आहे.

ओहायोत खेळांवर पैसे लावणं १ जानेवारी २०२३ पासून कायदेशीर आहे, पण वय २१ पूर्ण असेल तरच. म्हणजे निम्मे कॉलेजकुमार तिथेच बाद. आता ती क्वार्टरबॅकच्या यार्डांवरची बेट. कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर पैसे लावायला ओहायो कॅसिनो कंट्रोल कमिशनने मार्च २०२४ पासून बंदी घातली आहे. कॉलेज खेळांची देशव्यापी संस्था एनसीएए, तिचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनीच ती मागणी केली होती, कारण बेट हरलेले लोक पोरांना धमक्या देत होते. तेव्हा मेसेजमध्ये ज्या बेटला "सर्वात सोपी कमाई" म्हटलंय ती ओहायोतलं कुठलंही परवानाधारक ॲप घेणारच नाही. मग ती घेणार कोण? परदेशातली एखादी वेबसाइट, नाहीतर ओळखीतला कुणी 'भाई'. दोघांकडूनही जिंकलेले पैसे कसे वसूल करायचे, यावर मेसेजमध्ये चकार शब्द नाही. लिहिणाऱ्याला कायदा माहीत नसेल तर त्याने सल्ले देऊ नयेत, आणि माहीत असेल तर तो सरळ लबाड आहे.

आता ते "स्प्रेड कितीही असो". स्प्रेड म्हणजे बलाढ्य संघाने किती गुणांच्या फरकाने जिंकायला हवं तो आकडा. ३० नोव्हेंबर २०२४ ला, कोलंबसमध्येच, तो आकडा वीसच्या आसपास होता. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगनचा मोसम रडतखडत चाललेला. निकाल: मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. वीस गुणांचं सोडा, सामनाच गेला.

त्या सामन्याचा अधिकृत बॉक्स स्कोअर, म्हणजे आकडेवारीचा तक्ता, कुणालाही उघडून बघता येतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने तो आधी बघावा, एवढीच माझी अट आहे. मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन याचे पासिंग यार्ड अख्ख्या सामन्यात ६२. बासष्ट! त्यात दोन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पकडलेले पास. असा आकडा शाळेच्या सामन्यातही लाजिरवाणा ठरेल. आणि तो संघ जिंकला. कारण त्याच कागदावर शेजारी लिहिलंय: मिशिगनचे रनिंग यार्ड १७२, ओहायो स्टेटचे ७७. कॅलेल मलिंग्जने ३२ वेळा बॉल कवटाळून गर्दीत मुसंडी मारली आणि ११६ यार्ड काढले. ओहायो स्टेटच्या विल हॉवर्डचेही दोन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. त्यातला एक तर आपल्याच गोलरेषेपासून दोन यार्डांवर मिशिगनला आंदण मिळाला आणि तिथून मलिंग्जने टचडाउन केला, म्हणजे बॉल गोलरेषेपार नेला. आपल्या, म्हणजे ओहायो स्टेटच्या, किकरने दोन फील्ड गोल (किक मारून मिळवायचे गुण) चुकवले. दहा-दहा बरोबरी असताना शेवटच्या काही मिनिटांत मिशिगन काय करणार, हे स्टेडियममधल्या लाखभर लोकांना ठाऊक होतं. ते बॉल घेऊन पळणार. तरीही मलिंग्ज फटीतून २७ यार्ड निसटला आणि ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून विजयी किक मारली. त्या दिवशी ज्यांनी 'एफडी' केली होती त्यांचं मुद्दल गेलं.

हे नशीब नव्हतं, यामागे हिशोब आहे. पास कुणी न झेलता खाली पडला की घड्याळ थांबतं. बॉल घेऊन पळणारा मैदानातच आडवा झाला की घड्याळ चालू राहतं. दुबळ्या संघाने सतत पळत राहिलं तर साठ मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या वाट्याला बॉल कमी वेळा येतो. मग बलाढ्य संघाला आपलं बळ दाखवायला संध्याच कमी मिळतात आणि एखादी चुकलेली किक किंवा एखादं इंटरसेप्शन आभाळाएवढं होतं. दुसरं असं की गोलरेषा जवळ आली की पासिंगवाल्यांची जागा आटते. मागे वीस यार्डच उरल्यावर कितीही वेगवान रिसीव्हर (पास झेलणारा) असला तरी धावणार कुठे? तिथे समोरच्याला ढकलून दोन यार्ड मिळवणारे तीनशे पौंडी लाइनमन लागतात. मेसेजमध्ये लाइनमन हा शब्दसुद्धा नाही. मुंबई क्रिकेटच्या खडूसपणाबद्दल आपण कौतुकाने बोलतो ना, विकेट टाकायची नाही, समोरच्याला दमवायचं? मिशिगनचं त्या वर्षांतलं फुटबॉल तसलं होतं. बघायला रटाळ, हरवायला महाकठीण.

"रनिंग इतिहासजमा" या वाक्यासाठी २०२४ पुरे नसेल तर २०२१ घ्या. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड, पास झेलायला गॅरेट विल्सन, ख्रिस ओलावे आणि जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा. असे तीन रिसीव्हर एकाच कॉलेजात एका वेळी पुन्हा कधी दिसतील कोण जाणे. विल्सन आणि ओलावे पुढच्याच एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या निवडीत, दहावे आणि अकरावे निवडले गेले. त्या मोसमात सामन्यागणिक सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक यार्ड काढणारा देशातला संघ ओहायो स्टेटच होता. ॲन आर्बरला, मिशिगनच्या घरच्या मैदानावर, बर्फ पडत असताना स्ट्राउडने ३९४ यार्ड पास केले. मिशिगनच्या केड मॅकनमाराचे यार्ड १५९. मेसेजच्या गणिताने मिशिगन धुतलं जायला हवं होतं. झालं काय? ४२-२७, मिशिगन विजयी. मिशिगनच्या हसन हॅस्किन्सचे पाच टचडाउन, पाचही पळून. मिशिगनचे रनिंग यार्ड २९७, आपले ६४. उत्तरार्धात तर मिशिगनने पास करायची तसदीच जवळजवळ घेतली नाही. शिवाय मिशिगनचा बचावपटू एडन हचिन्सनने स्ट्राउडला तीनदा पाडलं. पासिंग ऑफेन्स कितीही चकचकीत असो, पास फेकायला तीन सेकंद उभं राहू दिलं तर ना!

२०२१ ते २०२४ चारही वर्षं ज्याचे रनिंग यार्ड जास्त, तोच संघ जिंकला. आणि फक्त या दोघांपुरतं नाही. २०२३ च्या मोसमात देशात सर्वाधिक पासिंग यार्ड वॉशिंग्टनच्या मायकेल पेनिक्सचे होते. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात त्याच्यासमोर मिशिगन आलं, ३०० हून जास्त यार्ड पळालं आणि ३४-१३ ने जिंकलं.

आता २०१८. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, नाइलाजाने. त्या वर्षी ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्सने खरंच पासिंगवर मिशिगनचा धुव्वा उडवला: ३९६ यार्ड, सहा टचडाउन, ६२-३९. आणि समोरचा बचाव ऐरागैरा नव्हता, आकडेवारीत देशातल्या सर्वोत्तमांत होता. पण कसं केलं ते बघा. मिशिगनचा बचाव माणसामागे माणूस लावून खेळायचा. ओहायो स्टेटने दोन रिसीव्हर एकमेकांना छेदून आडवे पळवले, त्यांच्यामागचे बचावपटू एकमेकांत अडकले आणि पॅरिस कॅम्पबेलसारखा वाऱ्याच्या वेगाचा गडी मोकळा सुटला. म्हणजे एका विशिष्ट बचावावर काढलेला तो विशिष्ट तोडगा होता. मिशिगनने पुढे बचावाचा प्रशिक्षक बदलला, पद्धत बदलली. तो तोडगा दरवर्षी चालेल असं मानणारा माणूस २०२१ नंतर झोपलाच असणार. (ड्वेन हॅस्किन्स एप्रिल २०२२ मध्ये फ्लोरिडात रस्त्यावरच्या अपघातात गेला, अवघ्या २४ व्या वर्षी. त्या खेळीची आठवण अशा जुगारी मेसेजात वापरलेली बघून वाईट वाटतं.)

आणखी एक अर्धसत्य पदरात टाकते: २०२२ ला मिशिगन ४५-२३ जिंकलं तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीचे ६९, ७५ आणि ४५ यार्डांचे टचडाउन पास निर्णायक ठरले. पासिंग फालतू आहे असं माझं म्हणणंच नाही. पण त्या दिवशी जास्त पास कुणी फेकले? स्ट्राउडने, ३४९ यार्ड. हरला. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये ७५ आणि ८५ यार्ड पळून सामन्यावर खिळा ठोकला मिशिगनच्या डोनोव्हन एडवर्ड्सने, तोही दुखावलेल्या हाताला प्लास्टर असताना.

२०२५ चा ओहायो स्टेटचा २७-९ चा विजय तर मेसेजवाल्याने उलटा वाचलाय. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिनने तीन टचडाउन पास फेकले, हे खरं. पण बो जॅक्सन त्या दिवशी शंभराहून जास्त यार्ड पळाला, ओहायो स्टेटने बॉल धरून ठेवला आणि मिशिगनचं रनिंग दाबलं. म्हणजे मिशिगनचंच औषध मिशिगनला पाजलं. पुढच्याच आठवड्यात तोच क्वार्टरबॅक, तेच रिसीव्हर, आणि इंडियाना विद्यापीठासमोर एकूण गुण दहा. १३-१० हार. हा सामना मेसेजमध्ये का नाही?

सिग्नलचोरी. झाली, यात वाद नाही. कॉनर स्टॅलियन्स नावाचा मिशिगनचा कर्मचारी पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून साइडलाइनवरचे इशारे टिपून घ्यायचा, ते नियमात बसत नाही, आणि एनसीएएने २०२५ मध्ये जबर दंड ठोकला. माझा नवरा अजून त्या नावाने दात खातो. पण प्रकरण ऑक्टोबर २०२३ मध्ये चव्हाट्यावर आलं आणि स्टॅलियन्सने नोव्हेंबरच्या सुरुवातीला राजीनामा दिला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ निलंबित असताना, मिशिगन ३०-२४ जिंकलं. पुढच्या वर्षी तो १३-१०. तेव्हा कुठले सिग्नल चोरले? आणि हसन हॅस्किन्स अंगावर येतोय हे दिसत असताना त्याला पाडायला कुठला सिग्नल लागतो?

बर्फाचा मुद्दा सोडून देते, तिथे मला खोडायला काही नाही. बर्फात स्ट्राउडने ३९४ काढले आणि बर्फातच सेयिन जिंकला. मेसेजमधलं हे एक वाक्य बरोबर आहे, बाकीच्यांना ते आधार देत नाही इतकंच.

राहता राहिलं यंदाचं. सामना कोलंबसला आहे आणि ओहायो स्टेट जिंकेल असं मलाही वाटतं. जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर ज्यांच्याकडे आहे त्यांना कमी लेखायला मी काही मिशिगनची नाही. पण मिशिगनचे प्रशिक्षक आता काइल व्हिटिंगहॅम आहेत, आधी वर्षानुवर्षं युटा विद्यापीठाचे प्रशिक्षक, बचाव आणि रनिंग यांवर संघ उभा करणारे. जानेवारी २०२२ च्या रोझ बोल या मानाच्या सामन्यात स्ट्राउडने ५७३ यार्ड पास करून ४८-४५ असं हरवलं होतं ते त्यांच्याच युटाला. या पासिंगचा चटका त्यांनी स्वतः सोसलाय. बॉल ओहायो स्टेटच्या हाती कमीत कमी वेळ राहावा यासाठी ते काय वाट्टेल ते करतील. म्हणून मी सेयिनचे यार्ड मोजणार नाही. तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) दोन यार्ड हवे असताना आपल्या लाइनमनांची फळी पुढे सरकते की जागच्या जागी राहते, तेवढं बघणार. फरक वीसचा असेल असं मला वाटत नाही. सातचा झाला तरी मी खूश आहे.

भाच्याला सांगितलंय, सामन्याला आमच्याकडे ये, मिसळ करते. आणि ताई, पुस्तकांची यादी त्याच्याकडून माग, पुस्तकं मी इथून घेऊन देईन. पैसे पाठवू नकोस.