पगार बारा हजार, गाडी गंगेवर

परवा आमच्या दुकानाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की अमेरिकेत म्हणे कमी पगारवाल्या कामगारांना बाजारपेठेत पार्किंग स्वस्तात मिळतं, तिथली महापालिकाच देते, आणि खाली लगेच सतरा अंगठे आणि "नाशिकला कधी???" झालं. आता नाशिकला हे येणारच असं धरून मी तयारीला लागलोय, कारण आपल्याकडे योजना यायच्या आधीच कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवलेल्या बऱ्या. तुम्ही पण मेनरोड, एमजी रोड, दहीपूल, शालिमार या पट्ट्यात कुठल्या दुकानात उभे असाल (बसायला स्टूल नसतं म्हणून उभे) तर पुढचं नीट वाचा. नऊ वर्षं काउंटरमागे काढून मिळवलेलं ज्ञान आहे, फुकट देतोय.

तर सगळ्यात आधी तुमचा पगार कमी आहे हे सिद्ध करावं लागेल. कॅलिफोर्नियात पालो आल्टो म्हणून गाव आहे, तिथं डाऊनटाऊनमधे काम करणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांना महापालिकेचा पार्किंग परमिट सवलतीत मिळतो, फक्त उत्पन्नाचा पुरावा दाखवायचा. पुरावा म्हणजे काय, पगाराची स्लिप. एवढं सोपंय. मग तुम्ही पण शेठकडे स्लिप मागायला जा. कसं मागायचं ते सांगतो. दिवाबत्ती झाल्यावर, गल्ला बरा असेल त्या दिवशी, शेठचा चहा अर्धा पिऊन झाला की हळूच विषय काढायचा. शेठ विचारतील, लोन काढतो का रे? तुम्ही म्हणाल, नाही शेठ, पार्किंगसाठी. मग शेठ आधी हसतील आणि नंतर हसायचे थांबतील, कारण त्यांच्या लक्षात येईल की यात काय लिहून द्यावं लागणारे.

आता दोनच शक्यता आहेत. एक म्हणजे रजिस्टरला तुमच्या नावापुढे जो पगार आहे तो लिहून मिळेल. तो आकडा नक्की बघा, माझं ऐका, आयुष्यात एकदा तरी बघाच. किमान वेतन, विशेष भत्ता, घरभाडे, सगळं कायद्याप्रमाणे बसवलेलं असतं आणि पुढे तुमची सही पण असते, तुम्हीच केलेली, दिवाळीच्या गर्दीत, न वाचता. मला तर तो कागद बघून अभिमान वाटला होता. एवढं कमावतो मी! घरी बायकोला दाखवला नाही, उरलेले पैसे कुठंयत म्हणून विचारलं असतं. तर त्या कागदावर तुम्हाला सवलत मिळत नाही, कारण कागदावर तुम्ही खाऊनपिऊन सुखी आहात.

दुसरी शक्यता म्हणजे शेठनी हातात येणारा खरा आकडा लिहून द्यायचा. म्हणजे दुकानाच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, की मी या माणसाला कायद्यात आहे त्यापेक्षा कमी देतो, सबब याला पार्किंगमधे सूट मिळावी ही विनंती. असा शेठ सापडला तर मला कळवा, रविवार कारंजाला चांदीच्या गणपतीसमोर त्याचा शालश्रीफळ देऊन सत्कार करू, श्रीफळ माझ्याकडून.

घाबरू नका, योजना वाया जाणार नाही, लाभार्थी मिळतील. शेठचा भाचा आहे ना, जो महिन्यातून दोनदा एसीत बसायला येतो, तो पण कामगारच आहे, रजिस्टरला हेल्पर म्हणून लागलेला. त्याची स्लिप एकदम व्यवस्थित असते, सीएने स्वतः बघितलेली, आणि पगार असा बेताचा की टॅक्स लागू नये. कमी पगाराचा कागदोपत्री पुरावा अख्ख्या गल्लीत त्याच्याकडेच निघेल. त्याची गाडी जरा मोठीये, दोन टू व्हीलरची जागा खाते, पण नियम म्हणजे नियम.

आता समजा चमत्कार झाला आणि सवलत मिळाली, तर हिशोब करून ठेवा. टू व्हीलरला तासाला पाच रुपये धरा, जास्त नाही धरत. दहाला शटर उघडायचं, रात्री नऊला पाडायचं, अकरा तास, ५५ रुपये. महिन्याचे २६ दिवस, १,४३० रुपये. पगार १२,००० असेल तर साधारण आठवा हिस्सा गाडी नुसती उभी राहायला, आणि पेट्रोल वेगळं. निम्मी सवलत दिली तरी ७१५. गिऱ्हाईकाचं तसं नसतं, ते येतं, वीस साड्या उलगडायला लावतं, "जरा फिरून येतो" म्हणतं आणि जातं, अर्ध्या तासाचं काम. तासावर लावलेला दर गिऱ्हाईकासाठी असतो, जो दिवसभर तिथंच आहे त्याची त्यात फक्त कातडी निघते. पालो आल्टोवाल्यांनी काही फार मोठं मन दाखवलं असं समजू नका, त्यांचा हिशोब एवढाच की कामगाराला पार्किंगच्या इमारतीत स्वस्तात जागा दिली की तो दुकानासमोरची आणि आजूबाजूच्या घरांसमोरची जागा अडवत नाही, ती दुसऱ्यांना मोकळी राहते. धंद्याची गोष्ट आहे, दानधर्म नाही. पण त्यासाठी आधी पार्किंगची इमारत लागते हा एक बारीक मुद्दा आहे. यशवंत मंडईच्या जागी बहुमजली पार्किंग होणार हे मी ज्या वर्षी नोकरीला लागलो त्या वर्षीपासून ऐकतोय, त्यामुळे त्याबद्दल मला आता जवळच्या नातेवाइकासारखं वाटतं.

तोपर्यंत दुकानासमोरची जागा आहेच की, असं तुम्हाला वाटेल. ती जागा कोणाची आहे हे कळायला सकाळी पावणेदहाला या. झाडू मारून झाला की आमचा पोऱ्या आतून निळं प्लास्टिकचं स्टूल आणतो, त्यावर पाण्याची वीस लिटरची रिकामी बाटली ठेवतो, म्हणजे वाऱ्याने उडायला नको, आणि ते रस्त्यावर अशा बरोबर जागी ठेवतो की इंचाचा फरक पडत नाही. (हेच ते स्टूल, आम्हाला बसायला नसलेलं.) अकराला शेठची गाडी येते, स्टूल आत जातं, गाडी रात्रीपर्यंत तिथंच. सरकारी रस्त्यावर, फुकट, अकरा ते नऊ. त्याला कुठलं परमिट लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. गिऱ्हाईकाने तिथे गाडी लावली तर शेठ प्रेमाने सांगतात की पुढे लावा, आणि संध्याकाळी असोसिएशनच्या मीटिंगमधे तेच शेठ उठून म्हणतात की पार्किंग नसल्यामुळे गिऱ्हाईक कॉलेज रोडला पळालं.

बेसमेंट? बेसमेंट आहे ना, आमच्या कॉम्प्लेक्सलाही आहे, मंजूर नकाशात तिथे पार्किंगच दाखवलेलं असतं. खाली जाऊन या एकदा. उतारावर लोखंडी ग्रिल, आत गठ्ठे, खोके, गेल्या सीझनचा माल, आणि कोपऱ्यात आमचे जुने पुतळे, शोकेसमधले, हात तुटलेले, एक तर कमरेपासून वरचाच, ओळीत भिंतीला टेकवून उभे. त्यांची जागा पक्की आहे. मी हिशोब करून पाहिला, एका ॲक्टिवाच्या जागेत सहा पुतळे बसतात, म्हणजे पुतळेच परवडतात.

मग तुम्ही म्हणाल बसने या. जरूर या. मात्र बस सोडते सीबीएसला (मधलं बसस्टँड) नाहीतर शालिमारला, सकाळी ठीक आहे, रात्री शटर पाडून, गल्ला मोजून, शेठ "अरे ते एक राहिलं" म्हणेपर्यंत साडेनऊ होतात आणि मग आमच्या दुकानातली ताई जेलरोडला कशी पोचणार याचं उत्तर मोबाईलवरच्या वेळापत्रकाकडे नसतं. रिक्षाला शेअर सीट मिळेपर्यंत थांबायचं, मग उतरून आत गल्लीत चालायचं. म्हणून तिने हप्त्यावर स्कूटी घेतली. आता हप्ता तीच भरते, पेट्रोल तीच टाकते आणि गाडी कुठे लावायची याची काळजी पण तीच करते. दुपारी जेवताना डबा उघडून आधी रस्त्याकडे बघते. टोइंगवाला आला की गल्लीत एक विशिष्ट शिट्टी वाजते, चहावाल्याची, आणि मग पाच दुकानांतून पाच जण हातातलं गिऱ्हाईक टाकून पळतात. मी एकदा पळालो नाही, गिऱ्हाईक मोठं होतं, लग्नाचा बस्ता होता. दंड आणि उचलायचा चार्ज मिळून दीड दिवसाचा पगार गेला, गाडी सोडवून आणायला गेलो म्हणून अर्ध्या दिवसाचा शेठनी कापला. बस्ता ऐंशी हजारांचा झाला, ते एक समाधान.

सम-विषम तारखेच्या पार्किंगचा पण अभ्यास करून ठेवा. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. ३१ तारखेनंतर १ येते आणि दोन्ही विषम असतात, त्या दिवशी हमखास चार गाड्या चुकीच्या बाजूला सापडतात. तारीख बघून नोकरी करायची सवय लावा, पगाराच्या तारखेची लागलेली आहेच.

हे सगळं नको असेल तर आमच्यासारखं करा. गाडी खाली गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी, लावा. गौरी पटांगण, नाहीतर पुढे म्हसोबा पटांगण, सराफ बाजारातून चढून वर आलं की आठ-दहा मिनिटांत दुकान. सावली नाही, पण फुकट आहे. बुधवारी बाजार असतो, त्या दिवशी भाजीवाल्या मावशींशी गोड बोलून कडेला जागा करून घ्यायची, येताना त्यांच्याकडूनच मेथी घ्यायची, हेच भाडं. आणि पावसाळ्यात घड्याळ बघू नका, दुतोंड्या मारुती बघा, नदीत उभी असलेली मारुतीची मूर्ती, तिच्यावर पुराचं पाणी मोजतात. पायाला पाणी म्हणजे गिऱ्हाईक करायला हरकत नाही. गुडघ्याला म्हणजे चावी खिशात ठेवायची. कमरेला लागलं की शेठना न विचारता पळायचं, कारण शेठना विचारेपर्यंत छातीला लागतं. दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या गाडीला गंगास्नान घडतंच, टीव्हीवर दाखवतात, तरंगत जाणारी चारचाकी आणि पुलावरून शूटिंग करणारे शंभर जण.

आता २०२७ चा कुंभ जवळ आलाय त्यामुळे जागेचं काय होणार म्हणून काही जण काळजीत आहेत. मी नाहीये. २०१५ ला शहराबाहेर चारही बाजूंनी केवढाली पार्किंगची मैदानं केली होती, तिथून बसेस सोडल्या होत्या, लाखो लोकांच्या गाड्या ठरवून लावून घेतल्या होत्या. म्हणजे आपल्याला जमतं. फक्त बारा वर्षांतून एकदा जमतं, आणि ज्याला पुण्य मिळवायचंय त्याच्यासाठी जमतं. तेव्हा माझा सल्ला असा की पुढच्या वेळी योजनेचा अर्ज भरताना व्यवसायाच्या रकान्यात सेल्समन लिहू नका, भाविक लिहा. रोज गंगेवर जाताच, खोटं तर काहीच नाही.

अजून बरंच सांगायचं होतं, त्या भाच्याला परमिट मिळाल्यावर तो मला अर्ध्या भाड्याने देणार होता ते पण राहिलं. पण आत्ता ग्रुपवर मेसेज आलाय की गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, नऊला दहा कमी आहेत, शेठ अजून फोनवर आहेत आणि ताईची पण गाडी खालीच आहे. चहावाल्याला विचारलं मारुती कुठवर आलाय, तो म्हणतो मांडीपर्यंत. निघतो.