ताटासमोरचा मोबाईल सुटायचा असेल तर

पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की घरातलं पोर दाराकडे धावतं. उंडे (गोल पाव) अजून टोपलीत झाकलेलेच असतात, तरी तोंडाला पाणी सुटतं. भोंगा आधी, पाव मागाहून, हा क्रम रोजचा झाला की नुसता आवाज पुरतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांची लाळ मोजून दाखवलं ते हेच, अभिजात अभिसंधान. क्रम उलटा झाला, खाणं आधी आणि आवाज नंतर, तर जोडणी धड बसत नाही.

आता कितीतरी घरांत ताटाची जोडी मोबाईलशी बसली आहे. शीत-कडी (भात-कालवण) समोर आली की मूल रडतं, आई नाहीतर आजी कंटाळून कार्टून लावून देते. यात दोघंही शिकतात. मुलाच्या रडण्याला फळ मिळतं. मोठ्यांची कटकट थांबते, म्हणून उद्या मोबाईल आणखी लवकर हातात जातो. या सुटकेला मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या परिभाषेत ऋण प्रबलन म्हणतात. त्याला शिक्षा समजण्याची चूक शिकलीसवरलेली माणसंही करतात, ती थांबायला हवी. शिक्षेने वागणं कमी होतं. प्रबलन धन असो की ऋण, वागणं वाढतंच.

सगळ्यात वाईट म्हणजे कधी देणं, कधी नाकारणं. सोमवारी ठाम नकार, मंगळवारी पाहुणे आले म्हणून होकार. फेर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रबलनाच्या वेळापत्रकांवरचं काम मांडलं. फळ केव्हा मिळेल याचा नेम नसला की वागणं चिवट होतं, हे त्यातून नीट कळतं. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोतलं स्लॉट मशीन माणसाला धरून ठेवतं ते याच जोरावर.

मग करायचं काय? आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांचं एकमत करा, आजी-आजोबांसकट. ताटात भात दोन-तीन चमचेच वाढा. जेवणाला अर्धा तास. रडलं तर रागावू नका, विनवण्याही नकोत. दोन्हींतून त्याला लक्ष मिळतं आणि तेही फळच. पहिला घास घेतला की त्याच क्षणी, "आपल्या हाताने घास घेतलास!" असं नेमकं सांगा. शाबासकी जेवण संपेपर्यंत राखून ठेवली तर ती कशाची हे लहान मुलाला उमगत नाही. वेळ संपली की ताट उचला. पुढचं खाणं नेहमीच्या वेळेला, मध्ये बिस्किट नाही. (वजन वाढत नसेल किंवा मूल आजारी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.)

सुरुवातीला रडणं वाढतं. आधी फळ मिळायचं ते बंद झालं की मूल जोर लावून बघतं. बहुतेक घरं इथेच हरतात. त्या टिपेच्या रडण्याला मोबाईल दिला तर "यापुढे एवढं रडायचं" हाच धडा मिळतो. सवय सुटल्यासारखी वाटली तरी काही दिवसांनी, विशेषतः आजोळी गेल्यावर, ती पुन्हा डोकं वर काढते. तिथेही तोच नियम ठेवला की विरते.

फळ न देताही मुलं शिकतात. गणेशचवथीच्या आरतीत कोपऱ्यातलं पाच वर्षांचं पोर बघा. घुमट (मडक्याचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात, डावा तळवा मागचं तोंड झाकतो-उघडतो, आणि पोर तोच ठेका आपल्या मांडीवर धरतं. कोणी शिकवलेलं नसतं. मानसशास्त्रज्ञ बांडुराने १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ७२ मुलांवर बोबो नावाच्या फुगवलेल्या बाहुलीचा प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांनीही ती बडवली. १९६५च्या प्रयोगात बडवणाऱ्याला शिक्षा झालेली पाहून मुलांनी नक्कल कमी केली. पुढे बक्षीस देऊ केल्यावर मात्र त्यांनीही सगळं करून दाखवलं. म्हणजे शिकली होतीच, दाखवत नव्हती.

म्हणून त्या अर्ध्या तासात बाबांचा फोनही टेबलावर नको. खिशात थरथरला तरी नजर तिकडे जाते, आणि मूल ती नजर बघतं. दुसऱ्या खोलीत, चार्जरला लावून ठेवा.